हरणीच्या बरगड्या

मु. अंतरवाली सराटी, ता. अंबड
आषाढ सरता, १९७४

तीर्थस्वरूप मामांच्या पायांवर धाकट्या जावयाचं, म्हणजे भुजंगाचं, डोकं. बदनापुरात पाऊस कसा आहे? तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? मामींचा खोकला थांबला असंल तर तसं कळवा, आणि थांबला नसंल तरी थांबला म्हणूनच कळवा, नसता आमची आई आणखी एक काढा करून पाठवंल (पहिला काढा मी चाखला होता, म्हणून सांगतो). आम्ही इकडं सगळे धड आहोत आणि हरणीपण धड आहे. हे शेवटलं वाक्य लिहायला मिळावं म्हणून आम्ही काय काय केलं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, ते आज सांगतो. आधीच सांगितलं असतं तर तुम्ही घोडी परत नेली असती.

गेल्या सालच्या पाडव्याला तुम्ही हरणीचा लगाम माझ्या हातात दिला आणि म्हणले, "जावईबापू, जपा हिला." मामा, तुम्ही 'जपा' म्हणलात, आम्ही ते 'चारा' असं ऐकलं. घरी आल्यावर हरणीकडं बघून आई म्हणली, बिचारी वाळली की. झालं. त्या दिवसापासून सकाळी भिजवलेले हरभरे, दुपारी सरकीची पेंड, संध्याकाळी ज्वारी, आणि येणारा-जाणारा गुळाचा खडा देई तो निराळाच. (गूळ आमचा, पुण्य त्यांचं.) काम काय तर मला चहाच्या हाटेलापर्यंत न्यायचं आणि आणायचं. दिवाळीपर्यंत हरणी अशी गरगरीत झाली की मानेवर आयाळीखाली उशी ठेवल्यासारखा उंचवटा आला, आणि पाठीच्या मधोमध अशी पन्हळ पडली की धुताना पाणी ओतलं तर थेट शेपटीपर्यंत वाहत जाई. आम्ही ते राजलक्षण समजलो. मी लोकांना बोलावून पाणी ओतून दाखवत असे.

तुमची लेक तेवढी खूश नव्हती. एक दिवस तिनं हरणीच्या कुशीवर हात फिरवला आणि मला म्हणली, "बरगडी लागत न्हाई हिची." मी म्हणलो, "लागंल कशी? खाऊ घालतो आम्ही. तुमच्या माहेरी बरगड्या मोजत असतील." मामा, हे तुम्हाला लिहू नये, पण सगळंच लिहायचं ठरवलंय. त्या रात्री मला भाजीत मीठ न्हाई मिळालं.

आता शेजारच्या धर्मराजचं सांगतो. हा माणूस तसा भला, पण बिनविचारता बोलतो. त्यानं हरणीच्या पोटाकडं बघितलं आणि घोडी गाभण आहे असं जाहीर केलं. आम्हा सगळ्यांना ते एकदम पटलं, कारण पटावं असंच पोट होतं. मंग काय, खुराक दुप्पट. होणारं शिंगरू मी धर्मराजला कबूल केलं, आणि चुकून सरपंचालाही. तुमची लेक म्हणली, गाभण जनावराची मान जाड होत नसती. पण त्या दिवसांत बायकोचं ऐकायला मला बिलकुल फुरसत नव्हती.

संक्रांत झाल्यावर धर्मराजच्या पुतण्याच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. मी गुलाबी फेटा बांधून हरणीवर बसून निघालो. ओढ्यापाशी ती थांबली. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागं रेटून अशी उभी राहिली की जसं काही जमीन पुढं पोळून राह्यली आहे. मंग हळूच खाली बसली आणि आडवी झाली. घामानं डबडबलेली, श्वास भात्यासारखा. धर्मराज ओरडला, "व्याली! व्याली!" सुपारीची सगळी मंडळी ओढ्यात. कुणी माझाच फेटा सोडून खाली अंथरला. दोघं पळत जाऊन साळूबाई सुईणीला घेऊन आले. साळूबाई आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणल्या, "अरे, मी माणसाची सुईण हाय. मला घोडीचं काय इचारता?" आणि लुगडं सावरत परत गेल्या.

तेवढ्यात तुमची लेक आली. ती थेट हरणीच्या पायांशी बसली. हरणीच्या खुराला हात लावला आणि माझा हात धरून तिथं ठेवला. मामा, खूर तव्यासारखं तापलेलं होतं. हरणीनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. अंबडहून गुरांचे डॉक्टर आले, तेही तेच बोलले: शिंगरू-बिंगरू काही न्हाई, ही चरबी आहे, आणि तीच पायांत उतरली. खुरं सुटली तर घोडी गेली म्हणून समजा.

तिथून पुढं घरात तुमच्या लेकीचं राज्य. धान्य बंद, गूळ बंद, पेंड बंद. भिजवून निथळवलेला कडबा, तोही मोजका. विहिरीजवळच्या गार चिखलात हरणीला उभं करायचं आणि पायांवर पाणी ओतायचं. पाणी शेंदणारा मी. आई चोरून गुळाचा खडा न्यायची, तर तिचा पदर तपासला जायचा (खरंच सांगतो, आणि आईनं तो तपासू दिला). हरणी पाय टाकायला लागली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धर्मराज म्हणला, चिखल उडला असंल. मी हो म्हणलो.

एक दिवस तुमच्या लेकीनं मला दाव्याला उभं करून शिकवलं. म्हणली, मूठ आवळा आणि बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर जनावर उपाशी. आता मूठ उघडून तळहातावर फिरवा. असं गुबगुबीत लागलं तर माजलंय. आणि आता पंजा उलटा करून त्याच्या पाठीवर फिरवा. दिसत न्हाई, पण हाताला हाड लागतं. असं पाहिजे. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणली, "दादांनी. मी एवढीशी होते तेव्हा." दादा म्हणजे तुम्हीच.

मामा, घोडी दिल्याबद्दल मी त्या पाडव्याला तुमचे आभार मानले होते. पण त्याच्या आधीच तुम्ही जे दिलं होतं त्याचे मानायचे राहून गेले, ते आज मानतो. परवा हरणीवर बसून सुखापुरीच्या वाटेनं दौड मारून आलो. माळ चढून वर थांबलो. थोड्याच वेळात हरणीचा श्वास बसला आणि ती चरायला लागली. माझा बसायला बराच वेळ लागला. कुशीवर हात फिरवला, बराबर पंजाच्या पाठीसारखी लागली. खाली येईपर्यंत मी सगळ्या वाटेनं तुमचं नाव घेत आलो.

मामींना दंडवत. लहानथोरांस यथायोग्य.

आपला,
भुजंग

ता. क. उद्या पंचमीसाठी तुमची लेक तुमच्याकडं निघाली आहे. पोळ्यापर्यंत राहीन म्हणते. माझी विनंती अशी की पंचमी झाली की लगेच लावून द्यावं. हरणी दुसऱ्या कुणाच्या हातून खात न्हाई.

आणखी एक. वरचं खोटं आहे. हरणी माझ्या हातून व्यवस्थित खाते. माझंच जेवण जात न्हाई. हे पत्र तिच्याच हाती पाठवून राह्यलो, आणि तुमचा चष्मा फुटल्याचं बदनापुराहून आलेल्या भिवानं सांगितलंय, म्हणजे तुम्हाला वाचून दाखवणारी तीच. आमच्या घरात आई असते, धर्मराज असतो, तोंडावर काही बोलायला मिळत न्हाई. तेव्हा मामा, राग मानू नका, पण तुम्ही आता जरा पान खायला बाहेर जा.

कांता, लवकर ये.