ओ न दिलेली शिट्टी

पाटण, १२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादास, धाकट्या मंगलचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोन असताना पत्र कशाला म्हणून हसशील. पण तू फोन मोठ्या आवाजावर ठेवतोस आणि आई शेजारीच असते. हे तिच्या कानावर जायला नको.

रविवारी माझ्या अंकितानं कराडला ओढत नेऊन सिनेमा दाखवला. परग्रहावरची लढाई, आगीचे लोळ, नुसता धिंगाणा! नायक लोखंडी पोशाखातला शिपाई, तोंड शेवटपर्यंत दिसत नाही. त्याला लढायचंच नसतं. पळून जातो, आणि कुणी अडकलं की कुरकुरत परत येतो. अंकिता म्हणते, असा हिरो झाला नाही. मला तो आडमुठा वाटला. आपला धाकटा भाऊ बिरदेवच डोळ्यांपुढं आला.

पूल पडतो तिथं त्यानं शिट्टी घातली. दोन तोकड्या, एक लांब. दादा, आपल्या आबांची शिट्टी! ती घराबाहेर कुणाला येते? तू बघून ये आणि मला वेड लागलंय का ते कळव.

माया आहेच, ती दोन ओळींतून दिसू दे.

तुझी,
मंगल

आटपाडी, २० नोव्हेंबर २०२४

चि. मंगल हिस दादाचे अ. उ. आशीर्वाद.

वेड तुला लहानपणापासूनच आहे, त्याची काळजी नको. बाजाराचं निमित्त काढून विट्याला गेलो. माझ्या घोंगड्याच्या वासानं शेजारचा उठून लांब बसला. सिनेमा पटला नाही. शिपायानं हुकूम मोडायचा आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, ही कुठली रीत?

पण तो जखमी बाईला मानेवर घेतो, ते कोकरू घ्यावं तसं. उजव्या हातमोज्याची करंगळी रिकामी लोंबत होती. बिरदेवची करंगळी लोकर कातरताना माझ्याच हातून तुटली होती. आणि शिट्टी मीही ऐकली.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगतो. मेंढरांच्या वाड्यावर परतणाऱ्यानं बांधावरून शिट्टी घालायची आणि आतल्या थोरल्यानं शिट्टीनंच ओ दिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा आबांचा नेम. सात वर्षांमागं बिरदेव पलटणीतून पळून आला, तेव्हा दिवेलागणीला त्यानं शिट्टी घातली. गावात तोंड कसं दाखवू, या रागानं मी ओ दिली नाही. तिसऱ्या शिट्टीनंतर तो गेला. तो जिवंत असेल तर मी त्याचे पाय धरीन. अंकिताला शोध घ्यायला सांग.

बाकी ठीक. मागल्या वर्षीच्या आषाढापासून मेंढरं दिवेलागणीला बांधाकडं तोंड करून उभी राहतात. लांडगा असावा.

तुझा,
धनाजीदादा

पाटण, ९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप दादास, मंगलचा नमस्कार.

मन घट्ट करून वाच. सिनेमावाल्यांचं उत्तर आलं. त्या पोशाखात आपला बिरदेवच होता. नायकाच्या जागी उड्या मारायचं काम करायचा. उंचावरून पडून वारला, मागल्या वर्षीच्या आषाढात. त्याच्या कागदावर घरच्या पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, ओ मिळाल्यावर कळवीन.

आणखी एक. ते म्हणतात, सिनेमात शिट्टी कुठंच नाही, पुलापाशी नुसतं संगीत आहे. अंकिता पुन्हा बघून आली. तिलाही ऐकू आली नाही. दादा, मला भीती वाटते. आईला तूच सांग.

रडणारी,
मंगल

आटपाडी, १४ डिसेंबर २०२४

चि. मंगल हिस आशीर्वाद.

आईला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, त्यो रोज येतूया, आषाढापास्नं. पण ओ थोरल्यानंच द्यायची असती, म्हणून ती गप्प होती.

काल दिवेलागणीला मेंढरं उठली. मी वाड्याच्या तोंडाशी गेलो. ओठ कोरडे, दोनदा नुसती हवा गेली. तिसऱ्यांदा शिट्टी निघाली. मेंढरांनी माना हळूहळू वळवल्या, बांधापासून माझ्यापर्यंत, मग माझ्यामागं चुलीपाशी बसलेल्या आईपर्यंत. तिथं थांबली आणि एकेक करून खाली बसली. आईनं दुसरं ताट वाढलं. मी वळून बघितलं नाही, मंगल, माझ्यानं बघवलं नाही.

तू ये. बांधावरून शिट्टी घाल. ओ द्यायला मी दारातच आहे.

तुझा,
धनाजीदादा