तुझी गाडी

प्रिय ताई,

बाबा आतल्या खोलीत झोपलेत. फोनवर बोललं की भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं, म्हणून लिहायला बसले.

बायपासची जखम छान भरतेय. दर शुक्रवारी तपासणी असते. त्या दिवशी बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून खिडकीशी बसतात. खाली गाडी थांबली की जिन्यात भेटेल त्याला ऐकवतात, "थोरलीने पाठवलीय. एवढ्या लांबून सगळं बघते हो." मागून मी फाइल, पाण्याची बाटली आणि खोकला आला की छातीशी धरायची उशी घेऊन उतरत असते. दुकानातून अर्धी रजा मीच काढलेली असते, बूटही मीच चढवलेले असतात. पण त्याचं काय कौतुक, मी तर घरचीच. गाडीत ते पुढे बसतात आणि तुझी बक्षिसं, तुझी नोकरी, तुझं अक्षर असं सुरू होतं. तू ठरवलेल्या ड्रायव्हरने एकदा मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही हॉस्पिटलच्याच का?" बाबा हसले. मीही हसले. घरी येऊन भांडी मात्र जरा जोरातच घासली.

खरं सांगू, तुझा मला हेवा वाटतो. लहानपणीही वाटायचा, पण तेव्हा तू शेजारी झोपायचीस, चिमटा तरी काढता यायचा.

तू महिनाभराची गाडी ठरवली होतीस. तो महिना संपला, पुढचं कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल. त्या शुक्रवारी गाडी आलीच नाही. मी रिक्षा आणते म्हटलं, तर बाबा स्वतःच वाकून बूट काढायला लागले. "राहू दे. ती कामात असेल. एक खेप चुकली म्हणून काही होत नाही." त्यांचा चेहरा बघवेना. मी तशीच खाली पळाले, कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला गाठला आणि त्याला पढवलं, थोरल्या मुलीने पाठवलंय म्हणून सांगा. तेव्हापासून तोच येतो. बाबा तुझं सांगायला लागले की आरशातून माझ्याकडे बघतो. येत्या रविवारी बाबा तुला फोन करणार आहेत, गाडीबद्दल शाबासकी द्यायला. कुठली गाडी, असं विचारू नकोस. घे ती शाबासकी. फक्त बोलता बोलता सहज विचार, सोबत कोण येतं म्हणून. ते काय म्हणाले, तेवढं मला कळव.

तुझीच,
धाकटी