सोळा पानं, एक कोंबडी

११ तारीख, शुक्रवार

आणि सगळ्यात आधी कोण टपकलं? धाकटी जाऊ! जेवण रविवारी, बाई आजच हजर. म्हणे, सहज आले. सहज आलेली माणसं फ्रिज उघडून बघत नाहीत. कोंबडी बघून म्हणाली, ताई, सोळा माणसं आणि एवढीशी कोंबडी? तीसुद्धा उपासानं गेलेली दिसते! झेपत नसेल तर आमच्याकडे करू.

मी म्हटलं, दर वर्षीचं सुट्टीचं जेवण सासूबाईंच्या मागे माझ्याकडेच होतं, माझ्याकडेच होणार. तर म्हणते, बरं, पण कमी पडलं तर पुढच्या वर्षीपासून माझ्याकडे. मी तोऱ्यात हो म्हणून बसले.

आमचे हे म्हणाले, मुलाकडे थोडे पैसे मागू का? मुळीच नाही. बजेट म्हणजे बजेट.

१२ तारीख, शनिवार, सकाळी

आज दुसरी कोंबडी आणायचीच.

दुपारी

नाही आणली. त्या पैशांत टेबलक्लॉथ आणला, निळ्या फुलांचा. पाहुणे आधी टेबल बघतात, मग ताट. हे नुसते कोंबडीकडे बघत राहिले.

संध्याकाळी

सुचलं! शाळा दुसरीपर्यंत, पण डोकं कलेक्टरचं. थोरल्या मुलीला फोन केला. म्हटलं, बाळे, तू घरचीच. उद्या जरा हात राखून वाढून घे, बाकीच्यांचं होऊ दे. आणि कुणाला बोलू नकोस. ती म्हणाली, त्यात काय, आई! किती गुणाची! मग मुलाला केला, सुनेला केला, जावयाला केला. एकेकाला वेगवेगळं, विश्वासात घेऊन. शेवटी यांनाही सांगितलं. सगळेच घरचे निघाले. जाऊबाईला तेवढं नाही सांगितलं. तिला पोटभर वाढून तोंड बंद करायचं.

१३ तारीख, रविवार

काय सांगू! असं जेवण झालं नाही आणि होणार नाही. जो तो म्हणे, मला नको, तुम्ही घ्या. काय हे प्रेम! कोंबडीचं ताट टेबलाला तीन फेऱ्या मारून जसंच्या तसं परत आलं. जावयाला आम्ही पाठीमागे बकासुर म्हणतो, त्यानं आज एक बटाटा घेतला आणि सुरीनं कापून कापून खाल्ला. संस्कार लागतात. नातवंडांनी हात लांब केले की आया डोळे वटारत.

जाऊबाईनं मोठा तुकडा घेतला होता. पण कुणीच खाईना, हे बघून तिनं तो हळूच हुंगला, शेजारी बसलेल्या माझ्या मुलाला विचारलं, शिळी आहे का रे? तो म्हणाला, नाही काकू, मला भूक नाही. तिनं तुकडा परत ठेवला.

कमी पडलं? उरलं! हाताला बरकत लागते बाई.

१४ तारीख, सोमवार

सकाळी कोंबडी. दुपारी कोंबडी. हे मात्र दणकून जेवले. म्हणाले, आता तरी घेऊ ना?

१५ तारीख, मंगळवार

कोपऱ्यावरचा बेकरीवाला भेटला. म्हणाला, आजी, रविवारी तुमच्याकडची सगळी वरात माझ्याकडे आली होती, पाव संपले, टोस्ट संपले, तुमचे जावई उभ्यानं बिस्किटांचा डबा रिकामा करत होते. ऐकून ऊर भरून आला. एवढं जेवून वर पुन्हा भूक! माझ्या मसाल्याचा गुण, दुसरं काय.

१६ तारीख, बुधवार

मुलीचा फोन. हसून हसून तिला बोलता येईना. म्हणे, आई, बेकरीत एकेकाला विचारलं तर प्रत्येकाला तुझा फोन! आणि काकू तिथेच उभी, पाव खात. ती म्हणाली, मला नाही आला फोन, म्हणजे मी एकटीच परकी! आता पुढच्या वर्षीचं जेवण तिच्याकडे. सगळ्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं, आई. पोटात कावळे ओरडत होते गं.

मी म्हटलं, पैज कमी पडण्याची होती, उरण्याची नव्हती. मुलगी म्हणाली, आई, ते तू काकूला सांग.

नाही सांगितलं. मोठ्यांनी मन मोठं ठेवावं. एक वर्ष करू दे तिला, कळेल माणसांना.

१७ तारीख, गुरुवार

माझ्यावर राग नाही कुणाचा. सगळ्यांचे फोन आले, सगळे परत येणार आहेत, जाऊबाईसुद्धा. येत्या रविवारी, दुपारी चार वाजता. जेवून.