साहेब खुर्चीतून घसरत होते

तर मी साहेबांच्या मागे गेले, दोन्ही हात त्यांच्या काखेत घातले आणि म्हणाले, "हं आजोबा, पाय टेका, आता वर घेते." आणि घेतलं.

आत्या, नमस्कार. पत्राची सुरुवात अशी करायची नसते हे मला ठाऊक आहे. पण दुपारपासून हेच एक वाक्य डोक्यात फिरतंय, आणि ते बाहेर पडल्याशिवाय तुझ्या गुडघ्यांची चौकशी नीट झाली नसती. गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरतेस ना? इकडे सगळं ठीक. बाबांचे पाय तसेच आहेत, तोंड मात्र पहिल्यासारखं चालतं.

आता हकीकत. आमचा वृद्धाश्रम (मी तिथे काय करते हे तू सगळ्यांना विचारतेस, मला सोडून, तर उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं) दर वर्षी एका मदतनीस बाईला नर्सिंगच्या कोर्सला पाठवतो. फी संस्था भरते. सकाळी वर्ग, दुपारी नोकरी, आणि पास झाल्यावर तीन वर्षं तिथेच राहायचं. बाकीच्या बायका म्हणाल्या, ही तर जन्मठेप झाली. मी तशीही तिथेच म्हातारी होणार होते, म्हणून अर्ज केला.

मुलाखत साहेबांच्या खोलीत होती. समोर साहेब, एका बाजूला मेट्रनबाई, दुसऱ्या बाजूला हिशेबनीस. मेट्रनबाईंनी बजावलं होतं, कमी बोल आणि हात मांडीवर ठेव. ठेवले. पण साहेबांची खुर्ची गुळगुळीत, आणि संस्थेचा इतिहास सांगता सांगता साहेब पुढे घसरत चालले होते. आधी पाठ सुटली. मग पाठीच्या जागी मान आली. मग हनुवटी टेबलाच्या कडेला लागायच्या बेतात. आमच्याकडे कुणी असं घसरलेलं दिसलं की विचारत बसायचं नसतं, वर घ्यायचं असतं, नाहीतर कंबरेखालची कातडी सोलून निघते. आणि हात लावण्याआधी काय करणार ते तोंडाने सांगायचं, म्हणजे माणूस दचकत नाही. (हे इतकं अंगात मुरलंय की घरी मी कुकरलासुद्धा सांगते, आता झाकण काढते हं.) तेव्हा मी उठले. साहेब अजिबात दचकले नाहीत. उलट मुकाट्याने माझं मनगट धरलं. पाठीला आधार हवा म्हणून मी हिशेबनिसांची पिशवी उचलून मागे खोचली. मग माझ्या लक्षात आलं की या आजोबांचे केस अजून काळे आहेत.

मेट्रनबाई पंख्याकडे बघत होत्या, हिशेबनीस पिशवीकडे. साहेब एकदम ताठ बसले होते. (पिशवीत जेवणाचा डबा होता, तो टोचत होता.) त्यांनी विचारलं, नर्स का व्हायचंय. याचं उत्तर मी पाठ करून गेले होते, त्यात 'सेवा' हा शब्द प्रत्येक ओळीत होता. एक ओळ आठवेल तर शपथ. मी म्हटलं, कोपऱ्यातल्या पलंगावर एक आजी आहेत. त्यांचा श्वास मधूनच बदलतो. काहीतरी बिघडलंय एवढं मला कळतं, काय बिघडलंय ते कळत नाही. मी सिस्टरना बोलवायला धावते आणि परत येईपर्यंत आजी दाराकडे बघत असतात. मला धावायचं नाहीये. तिथे थांबायचंय.

साहेबांनी पाठीमागून डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हिलाच पाठवू. फक्त एक अट. मागच्या वर्षीची बाई घरच्या अडचणीमुळे कोर्स अर्धवट सोडून बसली. म्हणून आता घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने समक्ष येऊन सांगायचं, सकाळचं घर मी बघेन. नाहीतर जागा दुसरीला जाणार.

तर एवढंच. सहज कळवावंसं वाटलं. तुझ्याकडून काही नको, तू तब्येतीला जप.

ता. क. सोमवारी सकाळी येशील का?

आणखी एक ता. क. तू येतेस आणि माझा कोर्स संपेपर्यंत राहतेस, असं मी साहेबांना सांगून बसलेय. मागच्या खेपेला तू बाबांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलीस, ते "ऊठ" म्हणाले आणि तू बॅग उचलून न जेवता निघून गेलीस, हे सांगितलं नाही. बाबा तुझं नाव काढत नाहीत. फक्त "ती बरी आहे ना?" एवढं विचारतात. तू फोनवर "तो जेवला का?" एवढं विचारतेस. त्या दोन प्रश्नांच्या भरवशावर मी शब्द दिलाय.

शेवटचा ता. क., सकाळी. लिहितानाही मी मोठ्याने बोलते, त्यामुळे बाबांनी आतून सगळं ऐकलं. आज उठून बघते तर ते भिंतीजवळच्या साध्या खुर्चीत बसले होते, काठी धरून, घसरत. मी सांगून वर घेतलं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, गादी झटकून उलटी घातलेली. चहा त्यांनी भिंतीजवळच प्यायला.