साठातले बावन्न

३ सप्टेंबर

चि. शंकासुरास दादाचे अनेक आशीर्वाद,

पत्र लिहायचं मी नऊ दिवस टाळलं, हे आधीच कबूल करतो. रोज कागद घेऊन बसायचो आणि काहीतरी आडवं यायचं. परवा तर नुसतं टोक काढता काढता अर्धी पेन्सिल संपवली. पण तुझं बारावीचं काम टाळलेलं नाही. काल सकाळी साठ गोगलगायी पकडल्या, प्रत्येकीच्या शंखावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि जिथल्या तिथे सोडल्या. कुंड्या भरणारे दोघे विचारत होते, लग्न कोणाचं आहे.

रोपवाटिका मजेची आहे. काचेच्या खोलीत कोबीची रोपं, बाहेर फुलझाडं, आणि जिकडे पाहावं तिकडे गोगलगायी. मालकीणबाई औषध मारू देत नाहीत. रोज सकाळी हाताने वेचायच्या, आणि रोज बादलीभर निघतात. तुझ्यासाठी आठवडाभर वेचणी बंद ठेवा म्हणालो, तर रोपं मीच खाणार असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग तुझं विद्यापीठ, तुझा अर्ज, सगळं रामायण सांगितलं तेव्हा विरघळल्या. म्हणाल्या, शिकणाऱ्या मुलीपायी शंभर रोपं गेली तर गेली.

नऊ तारखेला पुन्हा साठ पकडतो. इथे रोपं न्यायला एक टेम्पोवाला येतो, त्याने दीपगृह आतून पाहिलंय. पायऱ्या किती ते मोजलं नाही म्हणे. असा कसा माणूस.

लोभ आहेच, जपून वापर.
दादा

६ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईने दोनदा वाचलं आणि तू जेवतोस का ते त्यात नाही म्हणून बाजूला ठेवलं.

माझी मोजणी झाली. आमच्या बागेत माळी औषध टाकतात, तुमच्याकडे हाताने वेचतात. कुठे गोगलगायी किती उरतात ते ताडून पाहायचं, एवढाच माझा प्रकल्प. मी साठ खुणेच्या सोडल्या होत्या. आठवड्याने पुन्हा साठ पकडल्या, त्यात खुणेच्या नऊच निघाल्या. सकाळी सहाला ओल्या गवतात रांगून गुडघे सोलले आहेत. बागेत चालायला येणाऱ्या एका आजोबांनी काय हरवलं म्हणून विचारलं आणि मग तेही शोधू लागले.

तू एकच कर. हाताला येतील त्या साठ उचल, खुणेच्या मुद्दाम शोधू नकोस, आणि जो आकडा येईल तो लिही. शून्य आला तरी चालेल. प्रकल्पावर जीवशास्त्राच्या बाईंची सही लागते, आणि सहीशिवाय विद्यापीठाचा अर्ज पुढे जात नाही.

लोभ असू दे, या वेळी लक्षही असू दे.
तुझी शंकासूर

११ सप्टेंबर

चि. शंकासुरास आशीर्वाद,

घाईत लिहितोय. वारा इतका आहे की कागदावर कपबशी ठेवली आहे. तुझा आकडा: साठातल्या बावन्न खुणेच्या निघाल्या. बावन्न. कशी काय वाटली कामगिरी? बाईंना सांग, शाळेत भाऊ मागच्या बाकावर बसायचा, पण गोगलगायींनी त्याला नापास केलं नाही.

आई विचारत असेलच, जेवतो म्हणावं.
दादा

२२ सप्टेंबर

दादा,

नमस्कार आज लिहिता येत नाही.

गणित सांगते, कारण ते तू मला कधी विचारलं नाहीस. दुसऱ्या वेळी साठातल्या निम्म्या खुणेच्या निघाल्या, तर आधी खुणा केलेल्या साठ म्हणजे एकूणच्या निम्म्या, म्हणून त्या जागी एकूण गोगलगायी एकशेवीस धरायच्या. खुणेच्या जितक्या जास्त, तितकी एकूण संख्या कमी. माझ्या नऊवरून बागेत चारशे निघतात. तुझ्या बावन्नवरून अख्ख्या रोपवाटिकेत एकोणसत्तर. तुला वाटलं हे परीक्षेतले गुण आहेत, जास्त आले की शाबासकी.

आणि मी काय केलं? हाताने वेचणं किती गुणकारी, यावर दीड पान लिहिलं. सोबत तुझं पहिलं पत्र निरीक्षण म्हणून जोडलं. बाईंनी वर्गासमोर त्यातल्या बादलीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, एकूण एकोणसत्तर असतील तर रोज बादलीभर येतात कुठून. मी उभी राहिले. म्हणाले, माझा दादा कुठलंच काम शेवटाला नेत नाही, पण खोटं लिहिणार नाही. सगळ्यांसमोर म्हणाले. मग त्यांनी रोपवाटिकेत फोन लावला. मालकीणबाईंनी सांगितलं, तो पाच तारखेला टेम्पोत बसून गेला तो बारा तारखेला उगवला. वेचणी बंद होती, रोपं खाल्ली जात होती, आणि मोजायला कोणी नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की बागेतले नऊ तरी खरे का. दादा, ते नऊ खरे आहेत. आता ते कोणाला पटवू?

पाच ऑक्टोबरपर्यंत प्रकल्प नीट करून आणला तर सही, नाहीतर पुढच्या वर्षी. मला शंकासूर म्हणतोस. जगातल्या सगळ्यांवर शंका घेतली, एकट्या तुझ्यावर घेतली नाही.

लोभाचं काही लिहीत नाही. उत्तर पाठवू नकोस.

२६ सप्टेंबर

चि.

नावाने हाक मारायची हिंमत नाही म्हणून नुसतं चि. लिहितो. उत्तर नको म्हणालीस तरी लिहितोय, एवढा निर्लज्जपणा माझ्यात शिल्लक आहे.

मी दीपगृह पाहायला गेलो. तीन दिवसांत परत येणार होतो. मग टेम्पोचा पट्टा तुटला, मग तिथल्या दिवेवाल्याने जेवायला ठेवून घेतलं, आणि नऊ तारीख कधी गेली कळलंच नाही. हे खोटं आहे. कळलं होतं. त्या दिवशी सकाळी आठवण आली तेव्हा मी पायऱ्या चढत होतो, आणि चढत राहिलो. अकराला तिथूनच तुला आकडा लिहिला. साठ फार गुळगुळीत वाटला म्हणून आठ कमी केले. शेंड्या लावायचं कसबही मला तेवढंच येतं.

गेलेल्या रोपांचं मालकीणबाईंनी काही काढलं नाही. पण त्या आता बादली माझ्या एकट्यावर सोडत नाहीत. मी वेचलेल्या दुसऱ्याकडून पुन्हा पाहून घेतात. चूक काढत नाहीत, नुसत्या पाहून घेतात. वर्गात तुझं काय झालं असेल ते मला त्यावरून थोडं कळलं.

आज पहाटे उठून नव्याने साठांवर ठिपके दिले आहेत. तीन ऑक्टोबरला मोजून लगेच कळवतो. माझ्या मोजण्याला आता काय किंमत, हे तू म्हणशील आणि

आई, वरचं सगळं तिला लिहीत होतो. हा कागद आता तुला पाठवतो, कारण ती फाटकातून आत आली आहे. एकटी, खांद्यावर मोठी पिशवी, म्हणजे आठवडाभर राहायच्या तयारीने. तुला सांगून निघाली की नाही ठाऊक नाही, म्हणून कळवतो, सुखरूप पोचली. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ मालकीणबाईंपुढे उभी राहिली, गेलेल्या रोपांबद्दल माफी मागितली, जी मी मागायला हवी होती, आणि वेचणी पुन्हा एक आठवडा बंद ठेवा म्हणाली. मालकीणबाईंनी तिला आधी पाणी दिलं, मग हो म्हणाल्या. आता ती कोबीच्या वाफ्याशी बसली आहे. मी सकाळी ठिपका दिलेली एक गोगलगाय तिने उचलली, उलटसुलट पाहिली, खाली ठेवली. मग पिशवीतून नेलपॉलिशची बाटली काढली. लाल रंगाची आहे.