माझ्या दोन महानंदा

प्रिय दोस्त अमरेश यास,

लातूरहून मन्मथचा शरणार्थ. अर्धापुरात समदे खुशाल असतील, केळीचे घड नीट भरले असतील आणि वहिनींची कंबर सुधारली असेल, असं धरून चाललोय. (पाच महिन्यांत तुझा एक फोन न्हाई, मग धरूनच चालावं लागतं.)

माझं म्हणशील तर डोस्क्याचे टाके कधीच निघाले, पण मार मेंदूला बसल्यानं डोळ्यांचं बिनसलं. दोन्ही डोळे चांगले हायेत, फक्त एकमेकांचं ऐकत न्हाईत, म्हणून एकाचे दोन दिसतात. दुकानात एक गिऱ्हाईक आलं की मी दोघांना बसा म्हणायचो. महानंदा तर दोन दिसते, आणि ती रागावल्यावर काय होतं ते तू संसारी माणूस, तुला काय सांगावं! पण खरा जीव तुटला तो पूजेत. तळहातावर इष्टलिंग घेऊन नजर लावली तर दोन लिंगं. बेल कुठल्यावर वाहायचा? अंदाजानं वाहिला की पान खाली फरशीवर. दीक्षेत मिळालेलं, चाळीस वर्षं गळ्यात असलेलं लिंग, आणि तेच मला धड दिसंना. त्या दिवशी मी लई रडलो.

मग डोळ्यांची कसरत शिकवणाऱ्या आरती मॅडमकडं गेलो. वाटलं थेंब देतील, तर दिला दोरा. त्यात लाल, पिवळा, हिरवा असे तीन मणी. एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकाला धरायचं आणि एकेका मण्यावर नजर ठरवायची. मण्यापाशी दोन दोऱ्यांची फुली दिसली की समजायचं, दोन्ही डोळे कामाला लागले. (पहिले पंधरा दिवस फुली न्हाई, नुसती मळमळ.) शेजारच्या महादेवप्पांनी हे पाहिलं आणि मी अनुष्ठान करायलोय असं गल्लीभर केलं. दोन दिवसांत खिडकीत नारळ आला. मग एक बाई लेकीचं लग्न कधी जमंल म्हणून विचारायला आल्या. बोललं की मणी हलतो, म्हणून त्यांना वाटेला लावायला मी नाकाला दोरा धरूनच म्हणालो, दिवाळीपर्यंत. (जमलंय. आता माझं काही खरं न्हाई.)

मी कंटाळलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुमचे डोळे खराब नाहीत. त्यांची एकमेकांची सवय मोडलीय. रोज भेट घडवा."

घडवत राहिलो. परवा सोमवारी पूजेत दोन लिंगं हळूहळू जवळ सरकली आणि एक झाली. दहा मोजेपर्यंत टिकली. तेवढ्यात बेल वाहून घेतला, आणि पान बरोबर बसलं. मॅडम म्हणतात अजून काही महिने लागतील, पण हे दहाचे वीस होतील. हे पत्रही मीच लिहितोय, एक डोळा झाकून, चार दिवस.

तुझा,
मन्मथ

ता. क. दवाखान्यात महानंदा तुला नको ते बोलली, कारण तिला ठाऊक नव्हतं. किल्लारीच्या रस्त्याला डुक्कर आडवं आलं तेव्हा गाडी तू चालवत होतास हे खरं. पण निघताना तू मला जादाचं हेल्मेट दिलं होतंस, दोनदा घाल म्हणालास. पाहुण्यांसाठी तू आणलेली केळी दबू नयेत म्हणून मी ती हेल्मेटात ठेवली आणि हेल्मेट मांडीवर घेतलं. एक केळं फुटलं न्हाई. लाजेपायी मी गप्प राहिलो आणि बोलणी तू खाल्लीस. माफ कर.

आणखी ता. क. काल महानंदाला समदं सांगितलं. आता दोन्ही महानंदा माझ्याशी बोलत न्हाईत. तुला मात्र जेवायला बोलाव म्हणाल्या. तर ये. केळी आण, पिशवीत. दोन दिसलास तरी हरकत न्हाई. पाच महिन्यांत एकही दिसला न्हाईस.