लंकामावशीची हरकत

भोसरी,
रविवार

आदरणीय जयवंतमामा,
प्रतीक्षाचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? भातलावणी निम्म्यावर आली असेल. रत्नामामी साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या, तेव्हा हे पत्र त्याच वाचून दाखवणार हे धरून मी अक्षर मोठे काढले आहे. एक सूचना आहे. कंसातला मजकूर मामींनी मनात वाचावा, तसा लिखाणाचा नियम आहे. (मामी, असा काही नियम नाही. पण काही गोष्टी मामांच्या कानावर न गेलेल्या बऱ्या.) मामी मध्येच थांबल्या तर मामा, तुम्ही तेवढ्यात पाणी प्या. फोन मुद्दाम केला नाही. (फोनवर मामा आधी भांडतात आणि मग ऐकतात.) पत्र टेम्पोवाल्या गेणभाऊंच्या हाती देत आहे.

आधी एक दुरुस्ती. मी मेट्रो चालवते असे तुम्ही साऱ्या मढ गावात सांगितले आहे, आणि गेणभाऊंनी तर मला विचारले की, हात केला तर थांबवशील ना? मामा, मी मेट्रो चालवत नाही. आमच्या नाक्यावरची मेट्रो अजून कोणीच चालवत नाही, कारण ती कागदावर आहे. शहरातली लाइन नाशिक रस्त्याने पुढे वाढवायची आहे, आणि त्याआधी लोकांचे म्हणणे ऐकायचे आहे. ऐकायला साहेब आहेत, लिहायला मी आहे. माझ्या रजिस्टरला चार रकाने आहेत: नाव, पत्ता, हरकत, सही. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे सगळ्यांचे अर्ज दुसरीपासून मीच लिहिले. माणूस बोलेल तेच लिहायचे, एक काना इकडचा तिकडे करायचा नाही, हे वळण मला तेव्हाच लागले. त्याच वळणाने आता घात केला आहे.

गेल्या बुधवारी शाळेच्या हॉलमध्ये पहिली सुनावणी झाली. आपली लंकामावशी पिंपरी पेंढारच्या शेतातली मेथी-कोथिंबीर घेऊन अकरा वर्षे नाक्यावर ज्या जागेवर बसते, नेमका तिथेच स्टेशनचा जिना उतरणार आहे. तिलाही नोटीस गेली होती, म्हणून ती टोपली घेऊनच आली. (टोपली बाहेर ठेव म्हटले, तर ती म्हणाली, मेथी उन्हात ठेवून मी पंख्याखाली बसू व्हय?) साहेब स्वभावाने गोड आहेत. त्यांनी नकाशावर बोट ठेवले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "मावशी, इथं जिना येतोय, तुमची काही हरकत?" मावशीने पदर सावरला, एसटीत सरकून जागा द्यावी तशी खुर्चीत थोडी सरकली आणि म्हणाली, "हरकत कशाची? येऊ द्या की!"

मी लिहिले: हरकत नाही. तिने खाली सही केली. मामा, ही सही दिवाळीत मीच तिला शिकवली होती. एवढ्या लोकांसमोर सही करायला मिळाली म्हणून ती इतकी खूश झाली, की अजून कुठे करायची आहे का, असे विचारत होती.

संध्याकाळी आम्हा दोघींच्या खोलीवर तिला समजावून सांगितले, तेव्हा तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "आगं, मंग मी बसू कुठं?" एवढेच म्हणाली. मग माझ्यावरच चिडली. "त्यो मानूस येवढा गोड बोलला, त्याच्या तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? आन तू शिकलेली ना, मंग चिमटा तरी काढायचा!"

चिमटा काढणे नियमात बसत नाही. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी साहेबांना सांगितले की ही माझी सख्खी मावशी आहे, आणि तसे लेखीही दिले, तीन प्रतींत. ते म्हणाले, त्यात काय एवढे, लाव व्हाइटनर. मामा, रजिस्टरला पाननंबर आहेत. मी व्हाइटनर लावणार नाही. मावशीसाठी एकदा लावले, तर उद्या कोणासाठीही लावायला काही वाटणार नाही. पण मी गप्पही बसणार नाही. नियम वाचून काढले. दिलेले म्हणणे माणसाला दुसऱ्या सुनावणीत स्वतः येऊन, स्वतःच्या तोंडाने बदलता येते. इंजिनिअरही म्हणाले की जिना चार हात वळवला तर बंद पडलेल्या जकात चौकीच्या जागेत बसतो, फक्त हरकत नोंदलेली हवी. त्या दिवशी पेन माझ्या हातात नको, म्हणून ऑफिसातल्या वृषालीला लिहायला बसवले आहे.

आता राहिली मावशी. रोज तिची तालीम घेते. मी चष्मा लावून साहेब होते आणि विचारते, काही हरकत? ती म्हणते, न्हाई. तिसऱ्या दिवशी कशीबशी "हाय" म्हणाली आणि लगेच पुढे, "पन तुमची सोय बघून."

अशा वेळी तुमची फार आठवण येते. तुम्ही तीनदा हरकत घेऊन एसटीचा थांबा वडाखाली आणलात. (लग्नात बँडच्या गाण्याला, बारशात नावाला आणि ग्रामसभेत चहालाही घेतलीत, ते वेगळे.) आपल्या घराण्यात ही विद्या फक्त तुमच्याकडे आहे. असो. तुमच्या प्रबुद्धला आशीर्वाद.

तुमची,
प्रतीक्षा

ता. क. मावशीने निक्षून सांगितले आहे की दादाला यातले काही कळवू नको, लावणी आहे, गुडघा आहे. म्हणून मामा, तुम्ही मुळीच येऊ नका. गुरुवारी, अकरा वाजता, नाक्यावरच्या शाळेचा हॉल. अजिबात येऊ नका.

ता. ता. क. (हे सगळेच कंसात आहे. मामी, वरचा ता. क. दोनदा वाचा आणि "येऊ नका" जरा चढ्या आवाजात. मग त्यांना हरकत असणारच, आणि गुरुवारी ते पहाटेच्या एसटीत असतील. काल मावशी झोपताना म्हणाली, "दादा शेजारी असता ना, तर मी बोलले असते." मी तिच्या शेजारची खुर्ची धरून ठेवते. ते अख्ख्या मेट्रोलाच हरकत घ्यायला लागले तर तुम्ही मागून सदरा ओढा. मेट्रो आम्हाला हवी आहे, फक्त जिना चार हात सरकवायचा आहे. म्हणजे तुम्हीही यायचे. ही फसवणूक होते का, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी सगळे लेखी आहे आणि खाली माझी सही आहे, म्हणून होत नाही असे ठरवले. यास आपली काही हरकत असल्यास गुरुवारपूर्वी कळवावे. नसल्यास, "हरकत नाही" असे कोणापुढेही म्हणू नये.)